हिमोडायलिसिस चालू असताना फ्लूची लस: कोणता दिवस, कोणता हात, कोणता डोस?

घरचा_माणूस:
वडील, वय ६८. आठवड्यातून तीनदा चार तासांचं हिमोडायलिसिस (मशीनने रक्त शुद्ध करणं). डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा), मशीनवर हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध). फ्लूची लस घ्यायचं ठरलंय. डायलिसिसच्या दिवशी घेतली तर ती मशीनमधून निघून जाईल का? उजव्या हाताच्या शिरा जपायला सांगितल्यात, मग टोचायची कुठे? मागच्या वर्षी घेतली होती, तरी यंदा परत हवीच का? आणि याच महिन्यात हिपॅटायटिस बी चा डोसही आहे, दोन्ही एकदम चालतील?

नेफ्रो_नर्स:
निघून जात नाही. लस शिरेत नाही, दंडाच्या स्नायूत देतात. तिथल्या पेशी ती उचलतात आणि काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचवतात, पुढचं काम तिथे होतं. डायलायझरपर्यंत (मशीनच्या गाळणीपर्यंत) जाण्यासारखं रक्तात फारसं काही उतरतच नाही.

हात उजवाच. फिस्टुलाच्या हाताला लस नको, कारण सूज किंवा लाली आली तर ती लशीची की फिस्टुलात जंतुसंसर्ग झालाय, हे ओळखणं अवघड होतं. शिरा जपायचा नियम शिरेत सुई घालण्यासाठी आहे, म्हणजे रक्त काढणं, सलाइन लावणं. खांद्याखालच्या स्नायूत दिलेल्या लशीने शिरेला काही होत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की काही रुग्णांची लस त्यापायीच राहून जाते.

दिवस म्हणाल तर मधला, डायलिसिस नसलेला दिवस सगळ्यात सोयीचा. पण वेगळी फेरी जमत नसेल तर त्यासाठी लस लांबवू नका, डायलिसिसच्या दिवशी हेपरिन सुरू व्हायच्या आधी घ्या. मशीनवरून उतरल्या उतरल्या मात्र टाळलेलं बरं. साध्या हेपरिनचा अंमल ओसरायला काही तास लागतात, कमी रेणुभाराचं हेपरिन असेल तर आणखी जास्त, आणि स्नायूत रक्त साकळून दंड टरारून फुगू शकतो. शिवाय तेव्हा रक्तदाब उतरलेला असतो, चक्कर येते.

सुई बारीक, २३ किंवा २५ गेजची. टोचल्यावर निदान २ मिनिटं कापूस घट्ट दाबून धरायचा, चोळायचं अजिबात नाही. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर आधी सांगा, ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघून मग लस देतात.

औषधघर:
लशीच्या निवडीबद्दल. मेलेल्या विषाणूची, टोचायची लस घ्यायची. नाकात फवारायची लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची असते, ती डायलिसिसच्या रुग्णाला देत नाहीत.

नेहमीचा डोस ०.५ मिलि, त्यात प्रत्येक प्रकारच्या विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम प्रतिजन (विषाणूचा जो भाग शरीर ओळखतं तो). ६५ वर्षांवरच्यांसाठी ६० मायक्रोग्रॅमची जास्त ताकदीची लस असते, ती मिळत असेल तर वडिलांच्या वयाला तीच चांगली. युरेमियामुळे (मूत्रपिंड बंद पडल्याने रक्तात साचलेल्या कचऱ्यामुळे) प्रतिकारपेशी मंद पडलेल्या असतात. त्यामुळे अँटिबॉडी कमी बनतात आणि लवकर ओसरतात. पण ती मिळेपर्यंत थांबून हंगाम घालवू नका, साधी मिळाली तर साधी घ्या.

दरवर्षी का, याचं निम्मं उत्तर यातच आलं. उरलेलं निम्मं असं की विषाणू रूप बदलतो. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लशीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते. म्हणून खोक्यावरचा हंगाम वाचा, नुसती मुदत वाचून भागत नाही. चारऐवजी तीन प्रकारांची लस दिसली तर ती हलकी समजू नका. बी विषाणूचं यामागाता घराणं मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलं नाही, म्हणून ते वगळलंय.

संरक्षण यायला साधारण २ आठवडे लागतात, तेव्हा साथ सुरू व्हायच्या आधी घ्या. घरी नेऊन मग टोचणार असाल तर २ ते ८ अंश सेल्सिअस. फ्रीझरच्या कप्प्यात ठेवू नका, बर्फाला थेट टेकवू नका. एकदा गोठलेली लस वितळल्यावर दिसायला ठीक वाटली तरी फेकूनच द्यायची.

सायंपाळी:
यात तापाचं कुणी लिहिलं नाही, आणि खरी चूक तिथेच होते.

लशीमुळे दंड दुखतो, अंग मोडून येतं, १-२ दिवस बारीक ताप येतो. पॅरासिटामॉल पुरतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, थोडीफार लघवी होत असेल तर तीही त्या गोळ्यांनी जाऊ शकते.

पण मानेत किंवा छातीत कॅथेटर (डायलिसिससाठी बसवलेली नळी) असलेल्या रुग्णाला मशीन सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप आला, तर "काल लस घेतली ना, त्याचाच असेल" म्हणून सोडून देऊ नका. कॅथेटरमधला संसर्ग रक्तात उतरल्याचं ते लक्षण असू शकतं. लगेच डॉक्टरांना सांगा. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) घ्यायला हवं. फिस्टुला असलेल्यांनाही थंडी वाजून आलेला ताप लशीच्या नावावर खपवू नये.

लस घेऊनही फ्लू झालाच तर डायलिसिस चुकवायचं नाही. पाणी साचलेल्या फुप्फुसांवर फ्लू फार जड जातो. निघण्याआधी युनिटला फोन करा, मास्क लावा, वेगळी खुर्ची मागा. ओसेल्टामिविर (फ्लूवरचं औषध) लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केलेलं बरं, पण ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. निरोगी माणसाचे ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा इथे चालत नाहीत. हिमोडायलिसिसवर सहसा ३० मिलिग्रॅम, तेही डायलिसिस संपल्यावर. चिठ्ठी नेफ्रॉलॉजिस्ट सोडून दुसऱ्या कुणाची असेल तर "डायलिसिस चालू आहे" हे आपण होऊन सांगा.

घरचा_माणूस:
मधल्या दिवशी उजव्या दंडात, ठरलं. हिपॅटायटिस बी चं राहिलं.

नेफ्रो_नर्स:
एकाच दिवशी चालतात. सिरिंज वेगळ्या, आणि हात एकच मोकळा असल्याने दोन टोचण्यांत निदान २.५ सेंटिमीटर अंतर. नाहीतर फ्लूची मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या आणि दंड हिपॅटायटिस बी साठी ठेवा, कारण ती कुल्ल्यात दिली तर नीट लागू पडत नाही. डायलिसिसवर तिचा डोस सहसा दुप्पट, ४० मायक्रोग्रॅम असतो. ब्रँडप्रमाणे वेळापत्रक बदलतं, ते युनिटकडून लिहून घ्या. शेवटच्या डोसनंतर १-२ महिन्यांनी अँटिबॉडी तपासतात, १० mIU/mL च्या खाली आल्या तर पुन्हा डोस. फ्लूच्या लशीनंतर अशी तपासणी करत नाहीत.

एक गोष्ट युनिटला आठवणीने कळवा. हिपॅटायटिस बी च्या लशीनंतर १८ दिवसांपर्यंत एचबीएसएजी तपासणी (हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात आहे का ते बघणारी) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. नेहमीची तपासणी नेमकी त्याच दिवसांत पडली तर रुग्णाला विनाकारण वेगळ्या मशीनवर टाकतात आणि घरचे हादरतात. रक्त लस देण्याआधी काढून घ्या, किंवा महिनाभराने काढा.

पोटाचं_डायलिसिस:
पेरिटोनियलवाल्यांसाठी (ज्यांचं डायलिसिस पोटात द्रव भरून होतं त्यांच्यासाठी): हात कुठलाही चालेल (जुना फिस्टुला नसेल तर), हेपरिनची अडचण नाही, पोट रिकामं करून यायचीही गरज नाही. अंड्याची ॲलर्जी हे आता लस नाकारायचं कारण धरत नाहीत. मागच्या फ्लूच्या लशीने जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली असेल, किंवा लशीनंतर ६ आठवड्यांत गियाँ-बारे (नसांवर परिणाम होऊन अंगातली ताकद जाणारा आजार) झाला असेल, तर मात्र टोचण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आणि घरातल्या सगळ्यांनी घ्या. रुग्णाच्या अंगात लस अर्धवट लागू पडते, ती कसर भरून काढायला सोबत राहणाऱ्यांची लस लागते. त्याला आंघोळ घालणारा, युनिटला घेऊन जाणारा माणूस यादीत सगळ्यात वर ठेवा.