वृक्षोद्यानाचा पैसा आधी इमारतीत की जमिनीत?

सड्यावरचा
दापोली तालुक्यातल्या आमच्या गावाने देवराईला लागून असलेली सड्यावरची, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरची, पडीक जमीन वृक्षोद्यानासाठी द्यायचं ठरवलंय. ग्रामसभेत आराखडा आणि अंदाजपत्रक ठेवलं गेलं. निम्म्याहून जास्त रक्कम माहिती केंद्र, सभागृह, कमान आणि पेव्हर ब्लॉकच्या वाटांवर. झाडांच्या नावाने 'लागवड व सुशोभीकरण' एवढी एकच ओळ. पाणी, कुंपण, माळी, जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) कशालाच तरतूद नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: पहिल्या तीन वर्षांचा पैसा जमिनीत घाला, सभागृह नंतर बघू.

कातळात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा मारायचा, माती-शेणखत भरायचं आणि आंब्याचं कलम लावायचं ही आपली रीत. सातवीण, किंजळ, बेहडा अशा पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहायच्या झाडांना ती पुरत नाही. खड्ड्याच्या भिंती घट्ट असल्या की जुलैत पाणी तुंबतं आणि मार्चमध्ये तोच खड्डा कोरडा ठणठणीत. मुळं भिंतीला अडून गोल फिरतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या आळीत जी झाडं मुळासकट आडवी झाली, त्यातल्या काहींच्या मुळांचा गठ्ठा अगदी खड्ड्याच्या मापाचा, चौकोनी होता. त्यामुळे इथे सुटे खड्डे नकोत. समपातळीवर सलग चर मारा, जांभ्याचा वरचा कडक थर फोडून खालच्या मऊ थरापर्यंत जा. हे काम महाग आहे, आणि झाड लावल्यावर ते करता येत नाही.

रातांबा
दादा, जमिनीबद्दलचं सगळं मान्य, पण क्रम चुकतोय. मी बांधकामाच्या कामावर असते, म्हणून सांगते. चिरा, वाळू, खडी आणणारे डंपर ऑक्टोबर ते मे याच काळात येणार, कारण पावसात काम बंद. तुम्ही आधी झाडं लावलीत तर दोन वर्षांनी त्याच जमिनीवरून डंपर फिरतील, पाइप आणि वायरसाठी चर खणले जातील, कोवळी मुळं तुटतील. पाया, सेप्टिक टँक, पाण्याची लाइन हे सगळं आधी उरकलेलं बरं.

दुसरं, शाळेच्या सहली येणार, बायका येणार. स्वच्छतागृह आणि पावसात उभं राहायला छप्पर नसेल तर एकदा आलेलं माणूस परत यायचं नाही. माणसं आली नाहीत तर तिकीट नाही, आणि तुमच्या माळ्याचा पगारही नाही.

सड्यावरचा
डंपरचा मुद्दा बिनतोड आहे ताई, तो मी घेतो. पण मग डंपरची वाट आराखड्यात एकच ठरवून द्या आणि तिच्याबाहेर चाक जाऊ देऊ नका. दाबली गेलेली माती ही लहानसहान बाब नाही. लंडनच्या क्यू उद्यानात ऑक्टोबर १९८७ च्या वादळात सुमारे ७०० झाडं पडली. तिथला एक जुना, खंगत चाललेला ओक वाऱ्याने मुळांसकट उचलला जाऊन पुन्हा जागेवर बसला, आणि पुढच्या काही वर्षांत तो जोमाने वाढला. वर्षानुवर्षं पायांखाली घट्ट झालेली माती त्या धक्क्याने मोकळी झाली होती. त्यानंतर क्यूने इतर झाडांखालची माती मुद्दाम मोकळी करायला घेतली. आणि आपण पहिल्याच वर्षी पेव्हर ब्लॉक ठोकणार?

दादरकर चाकरमानी
मी मुंबईहून देणगी गोळा करणाऱ्यांपैकी एक. लोक इमारतीला पैसे देतात कारण भिंतीवर नाव लागतं. चर मारायला कोण देणगी देईल? बॉस्टनमधल्या, हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नोल्ड अर्बोरेटम या वृक्षोद्यानाने यावर काढलेली तोड बघा. ते १८७२ साली सुरू झालं. १८८२ मध्ये करार झाला, जमीन शहराच्या मालकीची झाली आणि विद्यापीठाला हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत मिळाली. रस्ते आणि भिंती शहराने सांभाळायच्या, झाडं विद्यापीठाने. आपल्याकडे वाट, गडगा (दगडी कुंपण), दिवे ग्रामपंचायतीकडे द्या. देणगीदारांना इमारत द्या. वृक्षोद्यानाच्या ट्रस्टचा स्वतःचा पैसा फक्त झाडांना.

वनस्पतीवाली
इमारतीत 'हर्बेरियम कक्ष' लिहिलाय, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचे नमुने ठेवायची खोली; त्याला माझा ठाम विरोध. जून ते सप्टेंबर इथली हवा एवढी दमट असते की कागदाला बुरशी धरते. वीज जाते तेव्हा दमटपणा काढणारं यंत्रही बंद. नमुने मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमला किंवा पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयाला पाठवा, तिथे ते टिकतात.

त्याऐवजी रोपवाटिकेला पैसा द्या, आणि तीही आजपासून. फणसाची आठळी वाळवून ठेवली की उगवत नाही, हे घराघरात माहीत आहे. कोकम, रानजायफळ यांचंही तसंच. अशा बियांची बँक करता येत नाही, जिवंत झाड आणि ताजी रुजवण एवढाच मार्ग. कोकमाचं आणखी एक: नर-मादी झाडं वेगळी, म्हणून दोन्ही हवीत, आणि बियांपासून आलेल्या रोपात काय निघेल ते फुलल्याशिवाय कळत नाही. जागा त्या हिशोबाने सोडा. बांधकाम दोन वर्षं चाललं तरी तोवर रोपं तयार होतील, मग रातांबाताईंचा क्रमही सांभाळला जाईल.

रातांबा
हे पटलं. हर्बेरियम काढा, रोपवाटिकेला शेड द्या. स्वच्छतागृहावर मात्र मी मागे हटणार नाही. आणि छपराला पत्रा नको, निसर्गमध्ये पत्रे कुठच्या कुठे गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. उतरतं कौलारू छप्पर, चांगले बांधलेले वासे, आणि दर मे महिन्यात कौलं चाळायचा खर्च अंदाजपत्रकात लिहिलेला हवा.

सड्यावरचा
लिहू. त्याच्याच खाली जाळरेषेचा खर्च. सड्यावरचं गवत सुकलं की वणव्याचे दिवस सुरू होतात, त्याआधी दरवर्षी ती काढावी लागते. भातकापणीनंतर उनाड गुरं सुटतात, म्हणून गडगा पहिल्याच वर्षी. रानमोडी हे माजणारं तण उपटणं किमान तीन पावसाळे. सभागृहाला माझा विरोध कायम आहे, शाळेचा हॉल पाच मिनिटांवर आहे.

दादरकर चाकरमानी
सभागृह काढलंत तर एका मोठ्या देणगीदाराला मला पुन्हा जाऊन भेटावं लागेल. रोपवाटिकेवर आणि विहिरीवर नाव लावायला ट्रस्ट तयार असेल तर मी बोलून बघतो. तेवढं पुढच्या ग्रामसभेच्या आधी कळवा.