सुरूला कोन येतात, मग तो सूचिपर्णी का नाही?

सागरतीर:
मागच्या आठवड्यात मुलीला घेऊन गुहागरला गेलो होतो, किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात तिने खिसाभर कोन गोळा केले आणि मी सांगून टाकलं की हे पाईनच्या जातीचं झाड, अनावृत्तबीजी, म्हणजे उघड्या बियांचं. आता तिच्या बाई म्हणतात सुरू आंब्या-वडासारखाच सपुष्प गटात येतो. सुयांसारखी पानं आहेत, कोन आहेत, मग असं कसं? नीट समजावून सांगा कुणीतरी, पोरीला चुकीचं शिकवायचं नाहीये.

रानवाटा:
बाई बरोबर आहेत. ती सुई दोन्ही टोकांना धरून ओढा, सांध्यातून टक्कन तुटेल. कारण ते पान नाहीच, बारीक हिरवी डहाळी आहे. खरी पानं म्हणजे प्रत्येक सांध्याभोवतीचे सहा-आठ इवलेसे दात, भिंगातून छान दिसतात. पाईनची सुई हे अख्खं एक पान असतं, तिला सांधे नसतात.

बीजांड:
पानावरून हा गट ठरतच नाही मुळात, बी कुठे तयार होतं ते बघतात. पाईनच्या कोनाचा एक खवला उचकटला की त्यावर दोन बिया नुसत्या टेकलेल्या दिसतात, भोवती फळ नाही, म्हणून अनावृत्त. सुरूला मादी फुलांचे लालसर केसाळ गोंडे येतात, त्यात बीजांड (ज्याचं पुढे बी होतं) अंडाशयात बंद असतं आणि प्रत्येक फुलाचं एकेक पंखवालं फळ होतं. फुलालगतची छोटी पानं लाकडासारखी कडक होतात आणि सगळं मिळून कोनासारखं दिसतं. त्यामुळे सुरू बसतो ओक आणि अक्रोडाच्या गणात.
गोंधळ व्हायला जुनी कारणंही आहेत, बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात (१८६२ ते १८८३) अनावृत्तबीजी वनस्पती चक्क द्विदल आणि एकदल यांच्या मधोमध ठेवल्या होत्या आणि ते आपल्या कॉलेजांत अजून शिकवतात, आताच्या डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणात त्या पूर्ण वेगळ्या शाखेवर आहेत.

सागरतीर:
आत्ता कळलं! मग नर्सरीतला ख्रिसमस ट्री आणि मोरपंखी?

बीजांड:
ख्रिसमस ट्री म्हणून अरॉकेरिया विकतात, तो आणि मोरपंखी दोन्ही खरे सूचिपर्णी, म्हणजे पाईनसारखेच अनावृत्तबीजी.

रानवाटा:
उलटं उदाहरणही सह्याद्रीतच आहे, नेटम नावाची मोठी वेल. रुंद समोरासमोर पानं, जाळीदार शिरा, कुणीही फुलवेल म्हणेल, बीवर गरासारखं आवरण येतं त्यामुळे फळच वाटतं, पण ती अनावृत्तबीजी. रानात दिसली तर पोरीला नक्की दाखवा.

सागरतीर:
तिने कोन कागदावर उन्हात ठेवलेत, दोन-तीनच्या त्या कडक पानांच्या चोची उघडून पंखवाली फळं पडलीयत, एक नखाने फोडून आतलं बी शोधणं चालू आहे.