ऑफिसात मोठा बदल होताना तुम्हाला आधी विश्वासात घेतलं होतं का? अनुभव लिहा

जुनीफाईल: काल भाचीचा फोन. तिचे दोन विभाग एक होणार, मेल आलाय. खाली 'शंका असल्यास एचआरशी बोला'. एचआरलाही तेवढंच माहीत! मला आमची रजिस्टरं जाऊन कॉम्प्युटर आले ते दिवस आठवले. साहेब तासभर बोलले, पण माझं टेबल राहणार का, हे सोडून सगळं सांगितलं. तुमच्याकडे काय झालं? चांगलंही लिहा.

लॉगिनफेल: आमच्याकडे ईआरपी आलं, म्हणजे बिलं, स्टोअर, हिशेब सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. ट्रेनिंग तीन महिने आधी उरकलं, प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत सगळे विसरले. त्यात डमी डेटा, एकही बिल अडकत नाही. खरं पहिलंच अडकलं.

मधलीसुट्टी: आमच्याकडे उलट. टेस्टिंगलाच प्रत्येक सेक्शनचा एकेक माणूस बसवला. स्टोअरमधले काका म्हणाले, "अर्धाच माल परत आला तर एंट्री कुठं मारू?" कन्सल्टंट गप्प! स्क्रीन बदलावा लागला. पुढे बाकीच्यांना शिकवलं ते काकांनीच, आणि त्यांचं ऐकलंही सगळ्यांनी. कन्सल्टंटचं कोण ऐकतंय.

पुस्तकीकिडा: यावर 1948 चा कॉक आणि फ्रेंच यांचा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या पायजम्यांच्या कारखान्यातला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटांना ठरवण्यात घेतलं त्यांचं उत्पादन लवकर सावरलं. ज्यांना नुसतं कळवलं तिथे कुरबुरी, काहींनी नोकरीच सोडली. एमबीएला शिकवतात हे. शिकून जातं कुठे कोण जाणे.

लॉगिनफेल: पायजमा 😂😂 बॉसला फॉरवर्ड करू का?

मधलीसुट्टी: अप्रेझलनंतर कर.

सँडविच: मी मधला मॅनेजर. वरून ताकीद, काही बोलायचं नाही. टीम रोज विचारणार. मग ठरवलं, दर शुक्रवारी दहा मिनिटं बसायचं. काही ठरलं नसेल तर 'अजून ठरलं नाही' एवढंच सांगायचं, पण शुक्रवार चुकवायचा नाही. अफवा निम्म्यावर आल्या. दोघं तरीही गेले, ते जाणारच होते.

घाईत: सगळं वाचलं नाही, कुकर लावलाय. भाचीला सांगा रिपोर्टिंग कुणाला, शिल्लक रजा पुढे धरणार का, हे मेलवरच विचार. तोंडी नको.

जुनीफाईल: सांगते गं. रजेचं तिच्या डोक्यातच नव्हतं.

लॉगिनफेल: अवांतर, एक्सेलमधून अपलोड करताना तारीख-महिना उलटा होतोय कुणाचा?

सँडविच: वर्ष-महिना-दिवस असं करून टाक. महिनाअखेरीच्या आत कर बाबा.