पावसात दोन लहान मुलांना घेऊन घाट चढायचाय, कुठला घाट बरा? लवकर सांगा

सईची_आई (फोंडा):
नमस्कार, शनिवारी घाटावर जायचंय, दोन मुलं बरोबर आहेत आणि हा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. चोर्ला, अनमोड की आंबोली? घरात प्रत्येकजण वेगळंच सांगतो आणि मॅप दर वेळी वेगळा रस्ता दाखवतो. मोठीला घाटात हमखास उलट्या होतात. कुठल्या घाटात वळणं कमी तेवढंच प्लीज सांगा, बाकी तयारी झालीय. रविवारी बारसं आहे त्यामुळे "पुढे ढकला" असं सांगू नका.

कणकवलीचा_दादा:
फोंड्याहून सरळ वर चढायचं, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. यात विचारायचं काय आहे?

सईची_आई:
दादा मी गोव्यातल्या फोंड्याची, तुमच्या फोंडाघाटाची नाही.

घाटवाट:
घाटावर म्हणजे नक्की कुठे ते लिहा आधी. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत. मुलं केवढी? गाडी कुठली? चालवणार कोण?

सईची_आई:
गडहिंग्लज. मोठी साडेचार वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. गाडी छोटीच आहे, हॅचबॅक.

घाटवाट:
मग अनमोड सोडाच, मोलेवरून चढून लोंढा-खानापूर करत बेळगावला जायचं म्हणजे उगाच वळसा. तुमच्यासाठी तीन वाटा. एक, उसगाव-साखळी-केरी करून चोर्ला, मग कणकुंबी, जांबोटी, बेळगाव आणि संकेश्वरवरून गडहिंग्लज. दोन, दोडामार्गवरून तिलारी घाट आणि चंदगड. तीन, सावंतवाडी, आंबोली, आजरा आणि गडहिंग्लज. तिलारी अंतराला कमी दिसतो, मॅप तोच दाखवत असणार, पण चढ खडा आहे आणि वळणं एकदम आवळलेली, भरलेली छोटी गाडी घेऊन पावसात तिकडे जाऊ नका. मी असतो तर आंबोली. रस्ता रुंद, कठडे बरे, आणि काही झालं तर मदतीला माणसं भेटतात.

डिचोलीकर:
शनिवारी आंबोली?? जुलैच्या वीकेंडला धबधब्यापाशी दोन्ही बाजूंना गाड्या लावून लोक रस्त्यात नाचत असतात, तास तास अडकायला होतं. त्या गर्दीत बाळ रडायला लागलं की काय करणार त्या? चोर्ला बरा. आम्ही डिचोलीची माणसं बेळगावला बाजाराला त्याच वाटेने जातो, मुलाबाळांसकट.

घाटवाट:
चोर्ल्यात धुकं उतरलं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही आणि मोबाइलला रेंज नसते. कणकुंबी-जांबोटी पट्टा पावसात उखडतो तो वेगळाच. उलटी होणाऱ्या मुलीला खड्ड्यांतून न्यायचं?

डिचोलीकर:
धुकं आंबोलीला नसतं का? वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, ढगातच असतं ते गाव.

रेल्वेप्रेमी_मडगाव:
गाडी कशाला हवी मुळात? मडगावहून गोवा एक्सप्रेस पकडा, कुळे, कॅसलरॉक, लोंढा करत बेळगावला उतरा. ना वळणं ना उलट्या, मुलांना बोगदे आवडतात आणि पावसात दूधसागर डब्याच्या खिडकीतून दिसतो. ब्रागांझा घाटातून पावसाळ्यात एकदा तरी मुलांना न्यावंच.

सईची_आई:
बेळगावहून पुढे सामान, बाळ आणि सासूबाईंना घेऊन बस बदलणं जमणार नाही. आणि तिथे गावात गाडी लागतेच.

रेल्वेप्रेमी_मडगाव:
बेळगावहून भाड्याची गाडी मिळते की. घाटात स्वतःची गाडी घालण्यापेक्षा केव्हाही बरं.

बालरोग_ओपीडी:
उलट्यांबद्दल लिहितो. दोन ते बारा वर्षांत हा त्रास सगळ्यात जास्त असतो, दोनच्या आत क्वचित, म्हणजे धाकट्याची काळजी त्या बाबतीत नको. गाडी वळते हे कानाला कळतं आणि डोळ्यांना समोरची सीटच दिसते, त्यातून मळमळतं. त्यामुळे मोठीला अशा ठिकाणी बसवा जिथून समोरचा रस्ता दिसेल, हातात मोबाइल किंवा चित्रांचं पुस्तक अजिबात नको. रिकाम्या पोटी नेऊ नका, तुडुंब भरूनही नाही, निघण्याआधी तासभर थोडी पेज किंवा सुकी पोळी. दूध आणि तेलकट नको. औषध तिच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा. घरातली मोठ्यांची प्रवासाची गोळी अर्धी करून देऊ नका, त्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली तर द्यायचंच नसतं, धाकट्याला चुकूनही नको.

मालवणी_माणूस:
आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला द्या, औषधबिवषध काही लागत नाही. आमची सगळी पोरं अशीच घाट चढली.

बालरोग_ओपीडी:
साडेचार वर्षांच्या मुलीला हलत्या गाडीत आल्याचा तुकडा नको, घशात अडकेल. आल्याचं पाणी द्या हवं तर.

आंबोली_फॅन:
आंबोलीला थांबताय ना? कावळेसाद बघा, दरीतून वाऱ्याने पाणी उलटं वर येतं. रात्री राहिलात तर बेडूक बघायला लोक लांबून येतात, मलबार ग्लायडिंग फ्रॉग झाडावर फेसाचं घरटं करतो. मुलांना दाखवाच, आणि जळवांसाठी मीठ ठेवा.

घाटवाट:
त्या बारशाला चालल्यात हो. दहा महिन्यांचं बाळ घेऊन कावळेसादच्या कड्यावर नका पाठवू कोणाला.

सईची_आई:
मी वळणांचं विचारलं होतं 😐 रात्र होत आली, उद्या पेट्रोल भरायचंय. आंबोली की चोर्ला एवढंच सांगा कोणीतरी.

नर्मदा_आजी:
बाळा, गाडी कोण चालवणार ते तू अजून लिहिलं नाहीस. दोनदा विचारायची वेळ आणू नकोस.

सईची_आई:
मीच. नवरा जहाजावर आहे, डिसेंबरात येईल. गाडी रोज चालवते, फोंडा-पणजी नेहमीचं आहे. घाट पावसात चालवलेला नाही. सासूबाई मागे बसतील बाळाला घेऊन.

घाटवाट:
हे आधी लिहायला हवं होतं ताई, सगळं उत्तर बदलतं. मग चोर्ला नकोच, बेळगावपर्यंत बदली चालवणारं कोणी नाही आणि मध्ये रेंज नाही. आंबोलीच, पण शनिवारी नाही. शुक्रवारी जा. ते जमत नसेल तर शनिवारी पहाटे उजाडता उजाडता फोंडा सोडा, सावंतवाडीला मुलांना मोकळं करा आणि नऊच्या आत घाट चढून जा. धबधब्याची गर्दी नंतर येते. रविवारी दुपारनंतर मात्र परत उतरू नका, सोमवारी सकाळी निघा.

डिचोलीकर:
एकटी बाई आणि दोन मुलं असतील तर मीही आंबोलीच म्हणेन. दिवे लो बीमवर ठेवा, हाय बीम लावला की धुकं आणखी पांढरं दिसतं. पार्किंग लाइट लुकलुकत चालवू नका, मागच्याला कळत नाही तुम्ही कुठे वळताय. आणि काच आतून धुरकटते ना, चार माणसांचे श्वास आणि ओले कपडे, त्याला फडक्याने पुसत बसू नका. एसी लावा, हवा काचेवर सोडा, थोडी गरम ठेवली तरी चालेल, पण एसी चालूच. मिनिटात साफ होते. उतरताना तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर, ब्रेक दाबून धरून नाही.

शिरोडा_पालक:
"सासूबाई बाळाला घेऊन" म्हणजे मांडीवर का? तसं नको. जोरात ब्रेक लागला की नऊ-दहा किलोचं बाळ कोणाच्याच हातात राहत नाही. कार सीट घ्या, या वयाला मागच्या बाकावर, तोंड मागच्या बाजूला करून. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर ती कधीच लावायची नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर १००० रुपये दंड पण आहे, कलम १९४ ब.

मालवणी_माणूस:
आजीच्या मांडीइतकं सुरक्षित काही नाही. त्या खुर्चीत बाळ रडून रडून आजारी पडेल.

शिरोडा_पालक:
रडेल, दहा मिनिटांत झोपेल. ताई, मडगावात माझ्याकडे एक सीट पडून आहे, घेऊन जा, पैसे नकोत.

सईची_आई:
सीट हवी आहे, मेसेज करते. सासूबाईंना मी समजावते. अजून एक, पाऊस खूपच असेल तर कळणार कसं? इथे फोंड्यात पडतो तसा तिथे पडेलच असं नाही ना?

घाटवाट:
बरोबर विचारलंत. हवामान खात्याचा इशारा गोव्याचा नाही, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरचा बघा, आदल्या संध्याकाळी आणि निघताना परत. रेड म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पडू शकतो, तेव्हा बारसं असो की लग्न, निघायचं नाही. ऑरेंज असेल तर सावंतवाडीत चहाच्या टपरीवर खाली उतरलेल्या ड्रायव्हरला विचारा, त्याच्याइतकं ताजं कोणाकडे नसतं. घाटात रस्त्यावर लाल माती आणि बारीक दगड घरंगळताना दिसले तर त्या कड्याखाली थांबायचं नाही, आणि फूटभर वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, छोटी गाडी तेवढ्याने सरकते.

नर्मदा_आजी:
उलटीची पिशवी, ओलं फडकं आणि मोठीचा एक कपड्यांचा जोड सासूबाईंच्या पायाशी ठेव, डिकीत नको. पावसात डिकी उघडायला कोण उतरणार? पोरगी गप्प होऊन तोंड घट्ट मिटून बसली की उलटी येणार समज, जागा मिळेल तिथे बाजूला घे. बाळाला पाजायचं ते गाडी थांबवून, सावंतवाडीत आणि वर आंबोली बाजारात.

सईची_आई:
अर्ध्या दिवसाची रजा मिळाली, शुक्रवारी सकाळी निघते. आंबोली नक्की. डॉक्टरांना फोन केला, औषध लिहून दिलंय. मेसेज केलाय सीटसाठी. सगळ्यांना देव बरें करूं 🙏

रेल्वेप्रेमी_मडगाव:
परतीला तरी बेळगावहून रेल्वेचा विचार करा.

कणकवलीचा_दादा:
सावंतवाडीत टायरची हवा बघून घ्या, स्टेपनीतली पण. स्टेपनी कोणी बघत नाही.