तिसऱ्या रिचर्डले कुबड दाखवाव का? झाडीपट्टीच्या नाटकासाठी सल्ला पायजे

वैनगंगाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी वडश्याकडचा, धानाची शेती हाय अन दिवाळी झाली की मंडईच्या सीझनमंदी नाटकं करतो, पंधरा वर्षं झाले खलनायकच करून राहिलो. यंदा आमच्या मंडळानं शेक्सपियरच्या तिसऱ्या रिचर्डवरून नाटक बसवाले घेतलं. राजाचा जमीनदार केला, मोठा भाऊ मेल्यावर दोन पुतण्यांची वतनवाडी गिळणारा काका. लेखकानं संवाद असे लिवले का पहाटे तीन वाजता झोपलेला माणूस उठून बसन.

अडचण अशी का पयल्याच तालमीले दिग्दर्शकानं माझ्या पाठीवर उशी बांधली, वरून कोट, एक हात आखडलेला, एक पाय घासत चालाचं. मले जमलं बी. पण तालीम पाहाले माझ्या बहिणीचा पोरगा येत जाये, सोळा वर्षांचा, त्याच्या पाठीचा कणा एका बाजूनं वाकला हाय, डॉक्टरनं स्कोलिओसिस सांगतलं. मी उशी घेऊन चाललो तं बाकीचे पोट्टे हासले, अन हा उठला, शर्टाची कॉलर मागून ओढत (खांदा दिसू नये म्हणून तो नेहमीच तसं करते) मंडपाच्या बाहेर गेला. मी पाह्यलं अन तरी तालीम तशीच पुरी केली, ते मले आता लागून राहिलं. तवापासून तो आलाच नाही.

दिग्दर्शक म्हणते कुबड नसन तं तो रिचर्डच नोहे. तुमच्यातले कोणी सिनेमे, नाटकं पाह्यले असन तं सांगा, लोकायनं या राजाले कसा कसा दाखवला? अन खरा राजा कसा होता?

पेन्शनर_मास्तर:
भाऊ, मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि हे नाटक माझ्या फार जवळचं आहे म्हणून जरा लांब लिहितो.

आधी खरा राजा. इंग्लंडच्या गादीवर दोनच वर्षं, १४८३ ते १४८५. बॉसवर्थच्या लढाईत मेला तेव्हा वय ३२. त्याला मारून सातवा हेन्री राजा झाला, ट्यूडर घराणं तिथून सुरू झालं, आणि शेक्सपियरनं हे नाटक लिहिलं साधारण १५९२-९३ ला, तेव्हा गादीवर कोण तर त्याच हेन्रीची नात एलिझाबेथ. आता हरलेल्या राजाचं चित्र कोण चांगलं काढणार? त्याच्याही आधी थॉमस मोर या ट्यूडर काळातल्या लेखकानं त्याला कुबडा, वाळलेल्या हाताचा लिहून ठेवलंच होतं, शेक्सपियरनं त्यात जीव ओतला. आणि फक्त लेखकच नाही, राजघराण्याच्या संग्रहात त्याचं एक जुनं चित्र आहे, त्याचा एक्स-रे काढला तर दिसलं की एक खांदा मागाहून रंग चढवून उंच केला आहे!

मग २०१२ साली लेस्टर शहरात एका कार पार्किंगखाली खोदलं तर सांगाडाच सापडला. बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळला, फेब्रुवारी २०१३ मध्ये जाहीर झालं की हाच तो, आणि २०१५ ला तिथल्या कॅथेड्रलमध्ये सन्मानानं पुरला. त्या हाडांवरून काय कळलं ते तुमच्या कामाचं आहे. कुबड नव्हतं. हात वाळलेला नव्हता. कणा बाजूला वळलेला होता, स्कोलिओसिसच, तुमच्या भाच्यासारखा, दहा वर्षांच्या वयानंतर कधीतरी सुरू झालेला. मोर म्हणतो डावा खांदा उंच, हाडं सांगतात उजवा. आणि अभ्यासकांनी स्पष्ट लिहिलं आहे की शिंपी चांगला असला आणि चिलखत मापाचं असलं तर बघणाऱ्याला फारसं कळलंही नसतं. कवटीवर नऊ जखमा आहेत, म्हणजे शेवटपर्यंत गर्दीत लढत होता.

सिनेमात लॉरेन्स ऑलिव्हिए, १९५५. लांब नाक, काळे केस, लंगडत कॅमेऱ्यापाशी येतो आणि आपल्याशीच बोलतो. पुढच्या कित्येक नटांनी त्याचीच नक्कल केली, तुमच्या दिग्दर्शकाच्या डोळ्यापुढे पण बहुतेक तोच असेल.

पडद्यामागचा_चंद्रपूर:
मास्तर, माहिती एक नंबर, पण मी दिग्दर्शकाच्या बाजूनं बोलतो, राग नका मानू. हाडं काय सांगतात ते इतिहासवाल्यायचं काम. नाटकात तो पयल्याच भाषणात सांगते का मले देवानं अर्धवट बनवून पाठवलं, कुत्रे मले पाहून भुकतात, प्रेम करणं माझ्या नशिबी नाही तं मी दुष्टच होतो. ते काढलं तं पूर्ण नाटकाचा पाया जाते. अन आपला प्रेक्षक कुठं बसते? मागं पार बांधीच्या धुऱ्यापर्यंत. त्याले दिसलं पायजे नं.

पण उशी नको, हे माझंही मत. इयन मॅकेलनचा १९९५ चा पाहा, राजाले १९३० च्या काळातला फौजी हुकूमशहा केला. त्यात तो सारं एका हातानं करते, सिगारेट एका हातानं पेटवते, बोटातली अंगठी दातानं ओढून काढते अन त्याच ओल्या अंगठीनं अॅन नावाच्या विधवेले मागणी घालते. कुबडाकडं लक्षच जात नाही, माणसाची हिंमत दिसते अन त्याचीच भीती वाटते. अन शेवटी त्याची जीप चिखलात रुतते तवा तो घोडा मागते, "घोडा! घोड्यासाठी माझं राज्य!" मी तो सीन दहादा पाह्यला असन.

झाडीची_नटी:
दादा, मी बी याच लाईनीतली, आनंदीबाई केली हाय दोन सीझन. तुमच्या नाटकाचं बीज आपल्या लोकायले शिकवाची गरजच नाही. १७७३ ले शनिवारवाड्यात नारायणरावले गारद्यायनं मारलं, काका राघोबा, अन 'ध' चा 'मा' कोणं केला तं म्हणे आनंदीबाईनं. शाबीत काही नाही, पण बाईच्या नावावर जे बसलं ते बसलं, मी स्टेजवर गेली का बाया मले शिव्या देत. रिचर्डचंही तेच, त्याचा पुतण्या बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड अन त्याचा लहाना भाऊ १४८३ ले लंडनच्या टॉवर किल्ल्यामंदी गेले अन पुन्हा कोणाले दिसले नाही, पण मारलं कोणं याचा पुरावा आजवर नाही.

मंग तुमच्या काकाची भीती लोकायले कशानं वाटन? पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवते त्यानं. मी आनंदीबाईत एकच केलं होतं, सारं भांडण होईपर्यंत पानाचा डबा हळूहळू लावत बसत होती, आवाज चढवला नाही. मंडप चिडीचूप होये. उशीवर लोक हासतात, हासलेल्या माणसाले मंग कोण भेते? अन तुमचा भाचा गेला ते तुमी पाह्यलं नं, मंग आमाले काहून इचारता, त्याच्या घरी जा.

बंदाटीवाला:
ताई बरोबर बोलल्या. एक जोडतो, २०२२ ले इंग्लंडच्या रॉयल शेक्सपियर कंपनीनं हा रोल आर्थर ह्यूजले देल्ला, त्याचा स्वतःचा उजवा हात जन्मापासून वेगळा हाय. त्या कंपनीत असा नट या रोलमंदी पयल्यांदा. अन २०२४ ले ग्लोब थेटरनं धडधाकट नटीले रिचर्ड केलं तं अपंग कलाकारायनं जाहीर नाराजी दाखवली. मले वाटते त्यायचं म्हणणं योग्य हाय, चारशे वर्षं त्यायच्या शरीराचं सोंग दुसऱ्यायनं काढलं.

वैनगंगाकाठचा:
सर्वायले धन्यवाद, मास्तरायले खास. ताई, गेलो काल बहिणीकडं.

पोरगा ओसरीत धानाच्या पोत्यायवर बसून होता, बोलेच नाही. मी पयले माफी मांगतली अन मंग मोबाईलवर त्या सांगाड्याचा फोटो दाखवला, मास्तरायनं सांगतला तो. त्यानं फोटो झूम केला, कण्यावर बोट ठेवून खालून वर नेलं, लय वेळ पाहात होता. मंग इचारलं, "मामा, हा घोड्यावर बसे का?" मले माहीत नोयतं, आमी दोघायनं शोधलं तं सापडलं का २०१४ ले तशाच कण्याच्या एका तरुणाले मापाचं चिलखत बनवून घोड्यावर बसवलं होतं अन तो चांगला लढला. त्यानं तो व्हिडिओ तीनदा लावला.

तेवढ्यात बहीण आली, म्हणे याचे सारे शर्ट मीच शिवते, एका खांद्यात कापडाची पट्टी घालते तं दोन्ही सारखे दिसतात. मले तिथंच डोक्यात आलं. लेखकाशी अन दिग्दर्शकाशी रात्री बसलो, दिग्दर्शक लवकर मानला नाही, पडद्यामागचे भाऊ म्हणतात तोच मुद्दा त्याचा, पण मानला. आता असं हाय: नाटकभर जमीनदार झ्याक शिवलेल्या कोटात, ताठ, लोकायले काहीच दिसत नाही. ते 'अर्धवट बनवलं' वालं भाषण सुरुवातीहून काढून शेवटच्या रात्री नेलं, मारलेल्यायचे भुतं येऊन जातात त्याच्यानंतर. तवा तो पयल्यांदा कोट काढते, खांदा उघडा पडते, अन बोलते. ऑर्गन बंद, तबला बंद.

कोट शिवाले बहिणीकडंच टाकला. खांद्याची पट्टी किती जाड ठेवाची ते भाचा सांगून राहिला, म्हणे उजव्या बाजूनं नको मामा, उजवा त्याचा उंच होता, पट्टी डाव्यात घाल.