रोज गोळी खाऊनही कॅल्शियम वाढलं कसं?

प्रश्न (दारव्ह्याजवळून): बाबा 61 वर्षांचे. 2021 मध्ये नागपूरला सीटी केला, हृदयाच्या नळ्यांचा कॅल्शियम स्कोअर 112 आला. तेव्हापासून रोज रोसुवास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 168 वरून 74 वर आलं. यंदा सोयाबीन विकून पुन्हा स्कॅन केला, तर 187! बाबा म्हणतात, "गोळीनंच चुना बसवला." डबी फडताळावर फेकली, पाच दिवस झाले. काय करू?

उत्तर १: भाऊ, आधी डबी खाली काढा. स्टॅटिननं कॅल्शियम वाढते हे खरं आहे, बाबा एकदम चुकले नाहीत. पण अटॅक बहुतेकदा मऊ, चरबीच्या थराचा येते. तो फुटला की गुठळी होते. गोळी ती चरबी कमी करते, उरलेला थर कॅल्शियमनं टणक होते. अन् अगॅटस्टन स्कोअरची (हाच तो कॅल्शियम स्कोअर) गंमत अशी की कॅल्शियमच्या जास्त घट्ट डागाला तो जास्त गुण देते, 1 ते 4 पट. म्हणून आकडा फुगते.

प्रश्नकर्ता: म्हणजे स्कॅनचे पैसे पाण्यात?

उत्तर २: जवळपास. गोळी चालू असताना तिचं काम स्कोअरवरून कळत नाही, एलडीएलवरून कळते. पण नुसत्या वयानं, शुगर-बीपीनंही स्कोअर वाढतो. तेव्हा सगळं गोळीवर ढकलू नका, रिपोर्ट डॉक्टरला दाखवाच. बाबा खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात का?

प्रश्नकर्ता: दिवसाला चार. डबी काढली खाली, खर्र्याचं तुम्हीच येऊन सांगा.