बचावपटू मुलीच्या पुढील वाटचालीसाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. माझी सोळा वर्षांची मुलगी फुटबॉलमध्ये सेंटर-बॅक (मधली बचावपटू) म्हणून खेळते; डाव्या बुटाचा तळ दोनदा शिवून घेतला, तरी सराव चुकवत नाही, आणि मागून ‘लाइन वर घ्या’ (म्हणजे बचावफळी पुढे सरकवा) असे ओरडत साऱ्या संघाला हलवते. गोल करणाऱ्यांकडे सर्वांचे लक्ष जाते, बचावपटूकडे क्वचितच. म्हणूनच २०२४ मध्ये शंभर आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामने खेळणारी पहिली भारतीय महिला ठरलेली मणिपूरची आशालता देवी, जी स्वतः बचावपटू आहे, माझ्या मुलीला फार जवळची वाटते. जिल्हा पातळीवरून राज्य संघाच्या निवड चाचणीपर्यंत आणि पुढे इंडियन विमेन्स लीग या देशातील महिला फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेतील एखाद्या क्लबपर्यंत कसे पोहोचावे, तसेच बारावीचे शिक्षण कसे सांभाळावे, हे अनुभवी पालकांनी किंवा प्रशिक्षकांनी कृपया सांगावे.